क्लिफचं घड्याळ

“बिस्किटांचा पुडा कुणी फोडला?” क्लिफ चहाच्या भांड्यापाशी उभा राहून ओरडला. “पाहुणे येईपर्यंत पुडा फोडायचा नाही! किती वर्षं सांगतोय मी!”

पुडा त्यानेच फोडला होता, थोड्याच वेळापूर्वी. मार्जरीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“तू कप्तान ना रे, नॉर्मन? कप्तानानेच असं केलं तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?”

हल्ली क्लिफच्या बऱ्याच चुका माझ्या नावावर जमा होत होत्या. मीही त्या निमूटपणे घेत होतो.

कॉल्डरशॉच्या कामगार क्लबात खाली बार आणि बिंगो, आणि वरच्या खोलीत आमचं बुद्धिबळ. लीगच्या सामन्याला चार पट लागतात आणि आमच्याकडे बरोबर चारच माणसं उरली होती. पहिल्या पटावर ताहिर, टॅक्सी चालवायचा. दुसऱ्यावर मी. तिसऱ्यावर मार्जरी, जिने शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवला. आणि चौथ्यावर क्लिफ एन्टविसल. त्याने आयुष्यभर लोकांच्या घरी गॅसचे मीटर बसवले, आणि लोकांना त्याचा चेहरा कधी आठवला नाही. बायको गेली होती, मुलगी कॅनडात होती. मंगळवारी तो दाढी करून, टाय लावून यायचा. उरलेले दिवस तो काय करतो, हे विचारायची मला भीती वाटायची.

त्या मंगळवारी हंगामाचा शेवटचा सामना होता, वेल्डन ब्रिजशी. लीगच्या सभेत ठरलं होतं की जो क्लब तळाला राहील तो बाहेर. तळाला वेल्डन ब्रिज होते आणि त्यांच्या जेमतेम वर आम्ही. सामना बरोबरीत सुटला तरी आम्ही वाचत होतो आणि ते बुडत होते. हरलो तर आमचा खेळ खलास. खालचा व्यवस्थापक आदल्याच आठवड्यात मापाची फीत घेऊन वर आला होता. आमच्या खोलीत बिलियर्ड्ससारखं पूल टेबल बसतं का, ते बघायला. क्लिफने त्याला कौतुकाने चहा पाजला होता.

ताहिरने त्याचा डाव झटपट मारला. मी हरलो, आणि तेही फार वाईट रीतीने. मार्जरीची बरोबरी झाली. आता सगळं चौथ्या पटावर आलं. आम्हाला तिथे नुसती बरोबरी पुरत होती.

मी हळूच जाऊन क्लिफच्या मागे उभा राहिलो. त्याने हत्ती देऊन टाकला होता. ठरवून, जाणूनबुजून! समोरच्याने तो घेतला होता, आणि आता क्लिफचं प्यादं वजीर व्हायला तीन घरं उरली होती. त्याला अडवणारं कुणीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असा डाव मी पाहिला नव्हता. समोर गॉर्डन ड्यूहर्स्ट, मटणाच्या दुकानाचा मालक, भलाथोरला माणूस, डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता.

क्लिफने प्यादं एक घर पुढे सरकवलं, हाताची घडी घातली आणि मागे रेलला.

घड्याळाची कळ त्याने दाबलीच नाही.

खेळून झालं की कळ दाबायची, म्हणजे आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. क्लिफचं घड्याळ टकटक चालत राहिलं. तो समोरच्याची वाट बघत होता.

“घड्याळ, क्लिफ,” ड्यूहर्स्ट हळूच म्हणाला.

“अरे हो! आभारी आहे, पोरा.” त्याने कळ दाबली.

पुढच्या चालीला पुन्हा तेच. ड्यूहर्स्टने पुन्हा घड्याळाकडे बोट केलं. क्लिफ हसला, स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली आणि कळ दाबली.

त्यानंतरच्या चालीला क्लिफने प्यादं उचलून शेवटच्या घरात वजीर ठेवला. अलगद, काचेचं भांडं ठेवावं तसा. मग हाताची घडी घातली. ड्यूहर्स्टने मान वर करून त्यांच्या कप्तानाकडे बघितलं. त्या कप्तानाने मान जराशी हलवली. नको. ड्यूहर्स्टने पुन्हा डोकं हातांत धरलं.

मी त्याला दोष देत नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगून आपला क्लब कोण बुडवील?

पण मला बोलायची मुभा नव्हती. मला, मार्जरीला, ताहिरला, कुणालाच. दुसऱ्याच्या डावात बोलायचं नाही. कप्तानाला आपल्या खेळाडूशी फक्त बरोबरीपुरतं बोलता येतं: माग, किंवा घे. घड्याळाचा लाल काटा वर उचलला जात होता. तो पडला की वेळ संपली आणि डाव हरला. ताहिरने खोकून पाहिलं. मार्जरीने हातातला चमचा मुद्दाम पाडला. क्लिफ दोघांकडे वळून म्हणाला, “शू! माणूस विचार करतोय.”

मग मला सुचलं. मी पुढे गेलो.

“क्लिफ, बरोबरी माग.”

बोलताना मी घड्याळाकडे टक लावून बघत होतो. बघ ना रे, एकदा तरी माझी नजर जाते तिकडे बघ!

क्लिफने माझ्याकडे बघितलं. त्याला माझी कीव आली असावी.

“आता कशी मागू? चाल त्याची आहे. समोरचा विचार करत असताना बरोबरी मागत नाहीत, नॉर्मन. शोभत नाही ते. आणि मी तर जिंकतोय.”

नियम त्याला सगळे तोंडपाठ होते. नियमाने तो अगदी बरोबर होता.

मी मागे सरलो. लाल काटा पडला. आवाज केवढासा, पण खोलीत सगळ्यांनी ऐकला. एक माणूस सोडून.

 ड्यूहर्स्टने घड्याळ थांबवलं आणि क्लिफच्या नजरेला नजर न देता हात पुढे केला.

“संपलं, क्लिफ.”

क्लिफने तो हात दोन्ही हातांत घेतला. “छान झुंजलास, पोरा. तो हत्ती घ्यायला नको होतास, बघ.”

“हो,” ड्यूहर्स्ट म्हणाला. “चुकलं माझं.”

मग तो कोट न घालताच जिना उतरून गेला.

क्लिफ शीळ घालत कप विसळायला लागला. पाहुण्यांचे कप यजमानांनी विसळायचे, हा त्याचाच दंडक. “वाचलो ना रे आपण?” त्याने पाठ वळवलेली असतानाच विचारलं.

“वाचलो,” मी म्हणालो.

मार्जरी दाराबाहेर जाऊन रडली. ताहिर क्लिफला टॅक्सीतून घरी सोडायला गेला. परत येऊन म्हणाला, “रस्ताभर तो डाव सांगत होता. पहिल्या चालीपासून. एक चाल चुकला नाही!”

उन्हाळ्यात वरच्या खोलीत पूल टेबल आलं. सप्टेंबरचा पहिला मंगळवार उजाडला तेव्हा मी पट आणि एक घड्याळ पिशवीत घालून क्लिफच्या घरी गेलो. तो दारातच होता. दाढी केलेली, टाय लावलेला, हातात बिस्किटांचा न फोडलेला पुडा.

“ताहिर आला नाही?”

“आज सामना इथेच आहे, क्लिफ. तुझ्या घरी.”

“माझ्या घरी? आधी सांगायचंस! चहाला दूध तरी आणलं असतं.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही सोंगट्या मांडल्या. पांढरी बाजू मी त्याला दिली आणि त्याचं घड्याळ सुरू केलं. घड्याळ आणलंच नसतं तर बरं झालं असतं, पण घड्याळाशिवाय त्याला तो सामना वाटला नसता.

त्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि हाताची घडी घातली. त्याचं घड्याळ चालतच राहिलं.  इथे बघणारं कुणी नव्हतं, तळाला जाणारंही कुणी नव्हतं. मी हात लांब केला आणि त्याच्या बाजूची कळ दाबली.

त्याने माझं मनगट पकडलं. पकड अजून गॅसवाल्याची होती.

“नॉर्मन! दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावायचा नाही. कप्तान ना तू?”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

मान हलवत त्याने माझ्या बाजूची कळ स्वतःच दाबली आणि सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं. त्याचं घड्याळ पुन्हा चालू झालं. तो खुर्चीत मागे रेलला, टाय नीट केला आणि माझ्याकडे प्रेमाने बघत बसला.

“कर विचार,” तो म्हणाला. “मला काही घाई नाही.”