आण्णांची मूठ

नाथाजींनी एकदा मूठ मिटली की ती उघडून दाखवायची गावात कुणाची छाती नव्हती. फौजेतून सुट्टीवर आले की गल्लीतली पोरं त्यांच्यामागे लागायची. ते मुठीत गुळाचा खडा धरायचे आणि म्हणायचे, "काडा. जो काडंल त्येचा." दोन-दोन पोरं एकेका बोटाला लोंबकळायची, एखादं तर दात लावायलाही कमी करायचं नाही, पण बोट हलायचं नाही. शेवटी घामानं गूळच पाघळायचा.

स्वतःच्या मुलीलाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. लहानगी अंकिता त्या मुठीशी झटून झटून रडकुंडीला यायची आणि लीलाबाई चुलीपुढून ओरडायच्या, "आवं, द्या की एकदा पोरीला! बाप हायसा का वैरी?"

"मी मुद्दाम हरलो तर जिंकणं कशाला म्हणत्यात, ते तिला कळंल कसं?" नाथाजी मूठ आणखी आवळायचे. "खोटं खेळायचं न्हाई. तिनंबी न्हाई आन् मीबी न्हाई."

म्हणून सांगलीच्या एका तालमीनं मुलींसाठी मनगटाच्या आणि पकडीच्या स्पर्धा जाहीर केल्या, तेव्हा अंकितापेक्षा नाथाजींना, म्हणजे तिच्या आण्णांनाच जास्त चेव आला. अंकिता साताऱ्याला वसतिगृहात राहून भौतिकशास्त्र शिकत होती. दर शनिवारी एसटीनं कोरेगावला उतरून ती गावी यायची, आणि दप्तर खाली ठेवायच्या आत आण्णांची हाक यायची, "चला, जवान. ड्रेस बदली करा."

त्यांची तयारी म्हणजे घरातल्याच वस्तूंची होती. वाकळ, म्हणजे जाड गोधडी, कालव्यावर भिजवून पिळायची, पार शेवटचा थेंब गळेपर्यंत. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात खुपसून आत मूठ उघडायची आणि मिटायची. दोरीला वीट बांधून दोरीचं दुसरं टोक दांडक्याला अडकवायचं आणि नुसत्या मनगटांनी दांडकं फिरवत वीट वर आणायची. वीट खाली सोडतानाही दोरी फिरवतच सोडायची, सुटू द्यायची नाही. "उचलतंय कुणीबी," आण्णा म्हणायचे. "खाली ठेवताना कळतं मनगट."

आणि सगळं झाल्यावर पंजा. गोठ्यासमोर पालथ्या घातलेल्या लोखंडी पिंपावर दोघांची कोपरं टेकायची. दसऱ्याला तिनं सगळा जोर लावला तरी आण्णांचा हात उभ्या खांबासारखा होता. वर ते तिला विचारत होते, "सुरू केलंस का गं? मला वाटलं, हात शेकतीयास." दिवाळीत मात्र दोघांचे हात मधोमध थरथरत राहिले आणि लीलाबाईंनी फराळाला हाक मारली तेव्हा बरोबरीत सुटले.

संक्रांतीला तिनं आण्णांचा हात पाडला.

हात पिंपावर आपटला आणि घुमल्यासारखा आवाज झाला. अंकिताला आधी खरंच वाटेना. लीलाबाई तिळगुळाची वाटी घेऊन दारातच थबकल्या. "सोडलंसा न्हवं तुमी? उगं पोरीचं मन राखायला?"

"तुज्या गळ्याची आण," आण्णा म्हणाले. ते आपल्या हाताकडेच बघत होते. "मी सोडलं न्हाई. होता तेवढा सगळा जोर लावला."

मग ते हसले, मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी कोरेगावहून कंदी पेढे आणून त्यांनी गल्लीत वाटले. "बापाला लोळवलं पोरीनं," असं ते ज्याला त्याला सांगत होते. मिशीला पीळ देणारा माणूस हरल्याचे पेढे वाटतोय, याची गावात गंमत झाली.

त्यानंतर दर शनिवारी ती जिंकतच गेली, आणि दर वेळी आधीपेक्षा सहज. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. कॉलेजच्या व्यायामशाळेत पकड मोजायचं एक यंत्र होतं. मुठीत धरून दाबायचं, काटा फिरतो. दिवाळीला काटा जिथं थांबला होता, त्याच्या जेमतेम केसभर पुढे तो आता थांबत होता. तिनं ते आण्णांना सांगितलं.

"मशीन बिघडल्यालं असंल," आण्णा म्हणाले. "का बाप बिघडलाय म्हणतीस?"

ती हसली. यंत्र जुनंच होतं.

त्याच दिवसांत चंद्रीचं दूध आटायला लागलं. चंद्री म्हणजे दावणीची म्हैस. लीलाबाईंच्या अंगठ्याचे सांधे धरल्यापासून दोन्ही वेळच्या धारा आण्णाच काढायचे. डेअरीतलं माप दर आठवड्याला खाली येत होतं. लीलाबाईंनी आधी दृष्ट काढली, मग सरकी वाढवली, मग जनावरांचा डॉक्टर बोलावला. त्यानं कास चाचपली, शेपूट वर करून ताप बघितला आणि म्हणाला, "म्हैस ठणठणीत आहे, वहिनी."

"ठणठणीत हाय मग पान्हा चोरती," लीलाबाईंनी निकाल दिला. "खाती मातूर बकाबका. त्यापरीस इकून टाका." चंद्रीला बघायला एक व्यापारी रविवारी येणार, असंही ठरलं. आण्णांनी ते ऐकलं. दावणीत वैरण टाकून बाहेर निघून गेले.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी आण्णा साताऱ्याला पेन्शनच्या कामाला गेले होते आणि त्यांची एसटी चुकली. धारांची वेळ झाली, चंद्री हंबरायला लागली. "तूच बस की गं," लीलाबाई म्हणाल्या. "शाळंत असताना काढायचीस न्हवं?"

अंकितानं कास धुतली आणि मूठ वळली. पहिल्या काही धारा चरवीच्या तळावर वाजल्या, मग फेस चढला आणि आवाज मऊ झाला. एरवी आण्णा जिथं उठायचे तिथवर दूध आलं, पण आचळं भरलेलीच लागत होती. ती काढत राहिली. फेस काठाशी आला. चंद्रीनं मान मागं वळवून तिच्याकडे बघितलं आणि निवांत रवंथ करायला लागली.

"आगं बया!" लीलाबाई चरवीत वाकून म्हणाल्या. "एवढं? बघ, बघ कशी लबाड हाय. माणूस बघून पान्हा सोडती."

अंकिताचे हात आचळांवरच राहिले. तराजूचं एक पारडं खाली गेलं तर दोन गोष्टी झालेल्या असू शकतात, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. या पारड्यात वजन पडलं असेल, किंवा त्या पारड्यातलं कमी झालं असेल. दोन महिने ती एकाच पारड्याकडे बघून पेढे खात होती.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली आण्णा बटणांचा सदरा घालत नाहीत, डोक्यातून ओढायचा गंजीफ्रॉकच घालतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. आणि पंजा लावताना त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात, जिथं पूर्वी लिंबाएवढा गोळा यायचा, तिथं आता खळगा दिसतो. दंडाच्या कातडीखाली सारखं काहीतरी लवतं, पापणी लवते तसं. तिनं ते बघितलं होतं. थकवा म्हणून सोडून दिलं होतं.

आण्णा आले ते चरवी बघूनच समजले. पिशवी खुंटीला न लावता ती हातात धरून गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"कवापासनं?" अंकितानं विचारलं.

"दसऱ्यानंतर. आधी चावी फिरंना कुलपात. म्हटलं, कुलूप गंजलं असंल."

"आन् चंद्रीला इकू देणार हुता? तिचा काय गुन्हा?"

आण्णांनी मान खाली घातली. फौजेत भरती झाल्यापासून त्या माणसानं मान खाली घातलेली कुणी बघितली नसेल. "तुजी सांगली झाली की सांगणार व्हतो. आधी सांगितलं असतं तर तू हात धरला नसतास माजा."

"मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. सोमवारीच."

"सांगली झाल्यावर."

"आण्णा!"

"मग आसं कर," ते म्हणाले. "मी मिरजंला येतो, सुई लावू दे न्हाईतर करवत लावू दे. पर निकाल काय बी लागला तरी तू सांगलीत उतरायचं. हाय कबूल?"

तिला कबूल करावं लागलं. व्यापारी आला तेव्हा लीलाबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग त्या चंद्रीची पाठ खराऱ्यानं घासत बसल्या.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आण्णांच्या हातात आणि पायात बारीक सुया टोचून तपासणी केली. मग आणखी तपासण्या झाल्या. निकाल घ्यायला बोलावलं तो नेमका स्पर्धेचा आदला दिवस निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय. पुढे बोलणं, गिळणं, आणि शेवटी श्वास. किती वेगानं, ते सांगता येत नाही. थोपवणारं औषध नाही, वेग जरा कमी करणारी गोळी आहे.

"व्यायामानं वाढंल का पुन्हा?" आण्णांनी विचारलं. "कणगीत हात घालून? वाकळ पिळून?"

"नाही, काका. उलट दमवू नका हाताला."

आण्णांनी मान हलवली, हुकूम ऐकल्यासारखी. दाराबाहेर आल्यावर ते अंकिताला म्हणाले, "उद्या किती वाजता हाय गं तुजं?"

सांगलीच्या तालमीत मांडव घातला होता. पहिला प्रकार जाड दांड्याची वजनं उचलायचा होता. अंकिता त्यात तिसरी आली. वजनं मधल्या काळात हलकी झालेली नव्हती, त्यामुळे तिथं तिची तयारी होती तेवढी दिसली. आण्णा पहिल्या रांगेत बसून डाव्या हातानं मांडी बडवत होते.

मग पंजा. समोर जीनत नावाची मुलगी आली. मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या घरातली होती. भोपळे कापून आणि लाकूड तासून तळहाताला घट्टे पडलेले. "घाबरू नको गं," जीनत हळूच म्हणाली. "मीच जास्त घाबरलीय." पंचांनी दोघींची कोपरं गादीवर टेकवली, मनगटं सरळ केली आणि हात सोडला.

अंकितानं जोर लावला, आणि काहीच झालं नाही.

समोरचा हात उभ्या खांबासारखा होता. तळवा रुंद आणि खरखरीत. बेचक्यातला गोळा टणक. बोटं अशी आवळलेली की हाडाला हाड लागावं. तो हात तिच्या ओळखीचा होता. दसऱ्यापर्यंत पिंपावर हाच हात तिच्या हातात असायचा, आणि त्यानंतर तो कुठं गेला हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. इतके महिने ती विझत चाललेल्या हाताशी लढली आणि त्यालाच आपली ताकद समजली. तिचा जोर तिथल्या तिथं सरला. तिनं पाडायचं सोडून दिलं आणि नुसतं धरून ठेवलं.

जीनतनं तिचा हात गादीवर टेकवला. शिट्टी झाली. टाळ्या वाजल्या. अंकिताचा पंजा सुटेना.

"सोड की," जीनत हसत म्हणाली. मग तिनं अंकिताच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. "लागलं का गं? हाताला?"

अंकितानं नकारार्थी मान हलवली. जीनतला काही कळलं नसणार, पण तिनं हात ओढून घेतला नाही. दुसरा हातही वर ठेवला आणि पंचांनी पुढची नावं पुकारेपर्यंत तशीच उभी राहिली.

गाडीला वेळ होता. सांगलीच्या स्टेशनात बाकावर दोघं बसले. आण्णांनी भडंग घेतलं होतं. पुडा त्यांना फोडता येईना, तो तिनं फोडला.

"माजंच चुकलं," आण्णा म्हणाले. "तुला वाटलं, तू चढतीयास. आन् मी आपला पेढे वाटत सुटलो. म्हटलं, ताकद जातच हाय तर निदान पोरीच्या हातनं गेल्यासारखं तरी हुईल."

तिनं पुडा त्यांच्यापुढं धरला.

आण्णांनी पुड्यात हात घातला. चुरमुऱ्यांतून शेंगदाणे वेचताना त्यांची बोटं दोनदा घसरली. मग त्यांनी उजवी मूठ मिटली आणि तिच्यापुढं धरली. "काड."

अंकितानं दोन्ही हातांनी ती मूठ धरली. लहानपणी धरायची तशी करंगळीपासून सुरुवात केली. ओठ दाबले, खांदे वर घेतले, जोर लावल्यासारखं केलं. "निघंना," ती म्हणाली.

"अंके," आण्णा म्हणाले. "खोटं न्हाई खेळायचं."

तिनं करंगळी उचलली. ती नुसत्या उचलण्यानं वर आली. मग दुसरं बोट, मग मधलं. तळव्यावर चार शेंगदाणे होते, कोरडे, मीठ लागलेले.

तिनं एक स्वतःच्या तोंडात टाकला. दुसरा आण्णांना भरवला, आणि त्यांनी तो चावून गिळेपर्यंत ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली.