टॉवेलमधला पाना

सुट्टीला निघताना प्लंबरने बायकोला शब्द दिला होता की हत्याराला हात लावणार नाही. मागच्या सुट्टीत त्याने हॉटेलातला गीझर उघडला होता आणि समुद्र बघायचा राहून गेला होता. यंदा तिने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात मी ताईबरोबर जाईन. तुम्ही बसा घरी, नळांशी गप्पा मारत."

सकाळ झकास गेली. तो लाटांत मनसोक्त डुंबला, कलिंगडावर ताव मारला आणि छत्रीखाली आडवा झाला. गाज ऐकता ऐकता डोळा लागणार, तोच तिच्यात एक वेगळा आवाज मिसळला. टप. जरा थांबून पुन्हा, टप.

पाय धुवायचा नळ गळत होता.

"ऐकू येतंय का तुला?"

"समुद्र येतोय," बायको म्हणाली. "मला तेवढा पुरतो."

"अगं, गोडं पाणी आहे ते."

"अहो, कूस बदला."

त्याने बदलली. पण वर दुसरा कान होताच.

थोड्या वेळाने ती अंगावरची वाळू धुवायला नळामागच्या न्हाणीघरात गेली आणि जित्याची खोड जागी झाली. टॉवेलच्या गुंडाळीतून एक छोटा पाना निघाला. तो तिथे कसा आला, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. आधी पाणी बंद, मग काम, हा धंद्याचा नियम. त्याने न्हाणीघराच्या भिंतीजवळचा मोठा कॉक फिरवला, नळ खोलला. वॉशरचा पार भुगा झाला होता. नवा कुठून आणणार? त्याच्या चपला झिजून पापड झालेल्या. न्हाणीघराच्या दाराशी काढलेल्या बायकोच्या मात्र जाड रबराच्या. कलिंगडाच्या सुरीने त्याने तिच्या एका टाचेतून छान गोल चकती काढली.

"अहो."

न्हाणीघराच्या झरोक्यातून एवढंच आलं, तेही हळू. त्याची पाचावर धारण बसली.

"काय गं?"

"पाणी गेलं."

"जातं गं. सुट्टीची गर्दी."

"डोळ्यांत साबण गेलाय माझ्या. आणि गर्दीने गेलेलं पाणी आधी बारीक होतं. हे कुणीतरी शिस्तीत बंद केलंय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "कॉक उघडला तर इथे कारंजं उडेल, तुला धड पाणी मिळणार नाही," तो म्हणाला.

आत रिकामी बादली आपटली.

"वॉशर आहे?"

"आत्ताच कापला."

"मग बसवा की. मुहूर्त बघताय?"

"म्हणजे तू सांगतेस म्हणून बसवतोय. शब्द मोडला असं नाही ना होत?"

"आधी डोळे उघडू द्या, मग बघते."

चकती बसवून त्याने कॉक उघडला. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि नळासमोर बराच वेळ उभी राहिली. थेंब पडला नाही. मग दाराशी जाऊन तिने चप्पल घातली, वाळूत पाऊल टाकलं आणि झटक्यात उचललं. चप्पल काढून डोळ्यासमोर धरली, तर टाचेच्या भोकातून तिला नवरा नीट दिसला.

"पुढच्या उन्हाळ्यात," ती म्हणाली, आणि त्याचा जीव टांगणीला लागला, "पाना माझ्या पिशवीत राहील. मागाल तेव्हा मिळेलच असं नाही. आता तुमच्या चपला इकडे द्या."

तिच्या चपलांत त्याची पावलं निम्मीच मावत होती. तापलेल्या वाळूवरून तो बगळ्यासारखा एकेक पाय उचलत चालला. मध्येच थांबून त्याने कान दिला. समुद्र तेवढा ऐकू येत होता.