डावा खांदा

मी एक जुनी लायब्ररी आहे. पण मित्रांनो, माझ्याकडे पुस्तकं मागायला येऊ नका. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना काही कामं आयती मिळावीत म्हणून संगणकाच्या भाषेत हुकूम लिहून एकत्र ठेवलेले असतात. त्या गाठोड्यालाही लायब्ररीच म्हणतात. माझं काम एकच. अंगाची मापं सांगा, मी सदऱ्याचा कागदी नमुना काढून देते. तो कापडावर ठेवायचा आणि कात्री चालवायची.

माझा जन्म शिलाई मशीनच्या शेजारी झाला. मला लिहिणाऱ्याची आई घरी कपडे शिवायची. तिची नजर अधू झाली, कागदावरच्या रेघा दिसेनात, म्हणून मुलाने मला लिहायला घेतलं. पहिलं माप अर्थातच आईचं.

"दोन्ही खांदे कशाला मोजतोस? एक मोजलास की झालं."

"आई, तुझा डावा खांदा उतरलाय."

"उतरेल नाहीतर काय! जन्मभर त्याच हाताने कापड ओढलंय."

म्हणून मी पहिल्यापासून डावी आणि उजवी बाजू वेगळी धरते. माझ्या जातीच्या बाकीच्या लायब्रऱ्या अर्धं अंग मोजतात आणि उरलेलं अर्धं तसंच असेल असं गृहीत धरतात.

पुढे मला एका मोफत संगणक-प्रणालीच्या भांडारात जागा मिळायची होती. अशा भांडारात हजारो प्रोग्रॅम बांधून ठेवलेले असतात. एक हुकूम दिला की ते कुणाच्याही संगणकावर पोचतात. माझी बांधणी ज्या बाईंकडे आली, त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, कारण त्यांच्या नजरेतून खडा सुटत नसे. माझं नाव काय, काम काय, मी कुणाच्या आधाराने चालते, मला वापरण्याच्या अटी कोणत्या, हे सगळं त्यांनी नीट लिहिलं. मग मला रिकाम्या खोलीत नेलं. खोली म्हणजे संगणकातलीच एक मोकळी जागा. जे लिहून दिलंय त्यापलीकडे तिथे सुईसुद्धा नसते. घरी तुरुतुरु चालणारी मी तिथे पहिल्याच पावलाला आपटले.

बाईंनी फोन लावला. "अहो, तुमची लायब्ररी कुठलीशी फाईल मागतेय."

"माझ्याकडे तर छान चालते!"

"आईच्या कडेवर सगळेच उंच असतात. फाईल कसली आहे?"

पलीकडून हसू आलं. "अरे देवा! आईची मापं ती. माझ्याच संगणकात राहिली."

"मग त्यांना विचारून पाठवा. बाईमाणसाची मापं परस्पर कशी वाटायची?"

आईने होकार दिला, पण कंबर दोन बोटं कमी लिहायला बजावून. मुलाने ते तेवढं ऐकलं नाही. तेव्हापासून मला बांधताना दर वेळी आधी आईचा सदरा काढून पाहायचा आणि त्याचे तुकडे एकमेकांना जुळले तरच गाठ मारायची, असा नियम झाला.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. दूरदूरचे शिंपी माझे नमुने छापत. कुणी आभाराचे दोन शब्द लिहून पाठवले की मुलगा ते आईला वाचून दाखवी आणि ती म्हणे, "खांद्याचं विचार त्यांना, बसतोय का?"

मग आई गेली. मुलाने मला उघडणं सोडलं. चाळणीबाईंनीही डोळ्यांच्या त्रासामुळे काम थांबवलं. ज्याला सांभाळणारं कुणी नाही, त्याला भांडारात अनाथ म्हणतात. ती पाटी माझ्यावर लागली. त्यातच माझ्या भाषेची नवी आवृत्ती आली. जुनी भाषा भागाकारातला अपूर्णांक गाळून टाकायची, नवी तो जपून ठेवू लागली. आईच्या उजव्या खांद्याचं माप सम होतं, ते निभावलं. डावं विषम होतं, दोनाने भागलं की अर्धा उरायचा. सदरा जुळेना. कुणी दुरुस्त केली नाही तर मला काढून टाकतील, अशी सूचना निघाली.

ती एका विज्ञानशिक्षकाच्या बहिणीने वाचली. तिच्या पाठीच्या कण्याला बाक आहे. स्वतःचे कपडे ती माझ्याच नमुन्यांवर शिवायची.

"दादा, ही गेली तर मी पुन्हा बाजारातले सदरे घालायचे? एका खांद्यावरून घसरणारे?"

दादाने मला पदरात घेतलं. बराच वेळ आकडे तपासून तो खूश झाला. "सापडलं! मूळ मापातच चूक आहे. डावा खांदा उजव्यासारखा केला की सगळं जुळतंय."

बहिणीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "असं होय? मग माझाही करून टाक की सरळ. एवढी वर्षं डॉक्टरांना जमलं नाही ते!"

दादाचा हात थांबला. थोड्या वेळाने त्याने मला लिहिणाऱ्याचा नंबर शोधून फोन केला. "ते डाव्या खांद्याचं माप चुकलंय का हो?"

पलीकडच्या माणसाने प्रश्न पुरा ऐकून घेतला. मग म्हणाला, "चूक नाही ती. आई आहे माझी."

दादाने मापाला हात लावला नाही. भागाकाराची ती एक ओळ तेवढी सुधारली. रिकाम्या खोलीत आईचा सदरा पुन्हा जुळला आणि मी भांडारात राहिले. बहिणीने नवा सदरा शिवला. तो तिच्या खांद्यावर बसला, घसरला नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी एखादी जुनी, वाकडी वस्तू येईल. ती सरळ करायला घ्याल, तेव्हा आधी एवढंच विचारा, की ती कुणाच्या मापाची आहे.