विचारून जाणारी मेंढरं

गोरखनं चहा नको म्हटलं तेव्हाच नंदानं ओळखलं, की याच्या पोटात काहीतरी आहे. जमिनीची दलाली करणारा हा माणूस बेल्ह्यातल्या कुठल्याही घरी दोन कप रिचवल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे. आज ओट्यावर टेकता टेकताच त्यानं फाइल उघडली.

"नंदाताई, एकच शब्द अडलाय. बाकी सगळं इंग्रजी झालं."

नंदा पुण्यात सहा वर्षं जर्मन कंपन्यांचे कागद इंग्रजीत करत होती आणि आता तेच काम गावी, घरी बसून करायची. हे गोरखला माहीत होतं. तरी आपला कागद त्यानं आधी मोबाइलकडून करून घेतला होता. भिकाशेठचं अठरा एकर रान एक जर्मन बियाणं कंपनी तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेणार होती. मसुदा तिकडच्या वकीलबाईनं, केलरबाईनं, जर्मनमध्ये लिहिला होता. सातव्या कलमात शब्द होता ट्रिफ्टरेश्ट. मोबाइलनं त्याचं वाहून जाण्याचा कायदा असं काहीतरी करून ठेवलं होतं.

"आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई, आन वाहून कोण जातंय?" गोरख हसला.

नंदा हसली नाही. तिनं कलम दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या जमिनीतून जनावरं हाकत नेण्याचा हक्क, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. मे महिन्याच्या शेवटी केलरबाई रान बघायला आली, तेव्हा तिची गाडी अर्धा तास एका कळपात अडकली होती. बाई खाली उतरली, ही मेंढरं कुणाची, कुठून येतात, कधीपासून, सगळं विचारून वहीत उतरवून गेली. कळप नंदाच्या वडलांचा, बिरदेवांचा होता. दिवाळीनंतर माळशेज घाटानं कोकणात आणि पावसाच्या तोंडाला परत, अशी त्यांची मेंढरं वर्षातून दोनदा भिकाशेठच्या रानातून जात.

"याचा अर्थ हक्क होतो, गोरखभाऊ."

"अर्थ मला काय करायचाय? इंग्रजी पाहिजे. नैसर्गिक, गुळगुळीत. मालकाच्या परवानगीनं अधूनमधून मेंढ्या नेता येतील, असं लिही की."

म्हणजे याला सगळं आधीच कळलं होतं. परवानगी लिहिली, की कंपनी तारेचं कुंपण घालणार आणि पुढच्या दिवाळीला परवानगी नसणार. मग दोनशे मेंढरं ट्रकांच्या चाकांशी खेटत हायवेनं न्यायची. नंदानं फाइल मिटली.

"परवानगी वेगळी, हक्क वेगळा."

"तुझ्या बापालाच विचार ना. दर दिवाळीला घोंगडी खांद्यावर टाकून शेठच्या दारात येतोय. जाऊ का, म्हणतोय. विचारतोय म्हणजे परवानगीच झाली. मी कुठं खोटं बोलतोय?"

तो खोटं बोलत नव्हता, हाच खरा संताप होता. सरकारी नकाशात ही वाट नव्हतीच. मोजणीवाले थंडीत यायचे, कारण उन्हात त्यांना भोवळ यायची, आणि थंडीत मेंढरं कोकणात असायची. इतक्या वर्षांत त्या दोघांची एकदाही गाठ पडली नव्हती. वाटेचा उल्लेख जगात एकाच कागदावर होता, तोही जर्मन.

"बाजार करून येतो तोवर लिहून ठेव," म्हणत गोरखनं गाडीला किक मारली.

मागच्या अंगणात बिरदेव लंगडणाऱ्या मेंढीचं खूर तासत होते. नंदानं सगळं सांगितलं.

"लिही की परवानगी," ते मान वर न करता म्हणाले. "मागून घिऊ. शेठ कधी न्हाई म्हनला न्हाई."

गोरखवर आला नव्हता एवढा राग तिला बापाचा आला.

"आन म्हनला तर, आबा?"

"त्याचा बाप म्हनला व्हता एकदा. गडी घिऊन वाटंत हुबा ऱ्हायला. तुजी आजी व्हती म्होरं, गजराबाई. म्हनली, राम राम केला, तेवढाच तुमचा मान. वाट मेंढरांची हाय. आन घातला कळप रानात."

"मग?"

"मग काय? पंच बसलं. म्हनलं, म्हातारी बराबर हाय."

"मग तुमी इतकी वर्षं इचारताय कशाला?"

बिरदेवांना प्रश्नच कळला नाही. "लोकाच्या दारावरनं जायाचं तर बोलाया नको व्हय?"

ती आत गेली. वकिली इंग्रजीत याला भारदस्त शब्द होते, पण त्या शब्दांच्या धुक्यात गोरखसारखी माणसं आरामात लपतात. तिनं साध्या इंग्रजीत लिहिलं, की या जमिनीतून मेंढ्या हाकत नेण्याचा हक्क. कलमात एक अक्षर वाढवलं नाही की कमी केलं नाही. पंचांची हकीकत वेगळ्या पत्रात लिहिली. विचारणं ही इथली रीत आहे, त्याला कुणी परवानगी समजू नये, हेही लिहिलं. टाइप करताना बटणं अशी आपटत होती, की बाहेरची मेंढी दोनदा दचकली.

दुपारी गोरख पिशव्या घेऊन आला. नंदानं पाठवलेलं मोबाइलवर वाचता वाचता त्याचं तोंड आंबट झालं.

"खोड हे."

"गेलं. केलरबाईला आणि कंपनीच्या पुण्याच्या वकिलाला."

"शेठ सही करणार न्हाई. रान पडून राहील."

"राहू दे. गवत येईल."

"यापुढं माझं काम तुझ्याकडं येणार न्हाई."

"हे तरी कुठं आलं होतं? ते मोबाइलकडं गेलं होतं."

गोरखनं तिचा नाद सोडला आणि मागच्या अंगणात जाऊन आवाज मऊ केला. "काका, पोरीला समजवा. यंदा दिवाळीला शेठकडं येणार ना तुमी, दरसालसारखं?"

"येनार की," बिरदेव म्हणाले. "घोंगडी घिऊन येनार."

गोरखनं वळून नंदाकडं बघितलं. बघ, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. बापाच्या हातातलं हत्यार हिसकावून घ्यावं असं नंदाला वाटलं.

बिरदेवांनी पातं धोतराला पुसलं. "पाडव्याच्या दुसऱ्या दिशी मेंढरं निघत्याल, एवढं सांगाया येनार. इचाराया न्हाई."

मग ते पुन्हा खाली वाकले. "नंदे, दुसरा पाय धर हिचा."

नंदानं पाय धरला. पण ती अजून रागानं गोरखकडंच बघत होती, म्हणून मेंढी हलली आणि बिरदेव तिला म्हणाले, "घट धर."