चित्राच्या उजव्या कडेला

मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. माझ्या झाकणाला पडलेला खड्डा काठीचा आहे, आणि पुढची पट्टी निखळली ती भिंतीवर आदळल्यामुळे. मित्रांनो, यंत्रे मार खातात असे तुमच्या कधी मनात आले नसेल. पण ज्या घरात माझी वीस वर्षे गेली, त्या घराची चूलच मार खाण्यावर पेटत होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे अंग केले, स्क्रू पिळले, पोटात लेझरचा बारीक डोळा बसवला. मग एका तपासनीस बाईंनी मला खोक्यासकट कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडून दिले. सुरू केल्यावर माझा दिवा लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा टिकेल." एवढे कौतुक मला जन्मभर पुरले.

माझे मालक सिनेमात मार खात. तुम्हाला वाटते नट मारामारी करतो. पण जिन्यावरून गडगडत येणारा, काचेतून आरपार जाणारा, घोड्याच्या टापांखाली सापडणारा माणूस बहुधा दुसराच असतो. तो नटाचे कपडे घालतो आणि कॅमेऱ्याकडे पाठ ठेवतो. सेटवर मालकांना सगळे आपटबार म्हणत, कारण जमिनीवर टाकला की हा माणूस आवाज करणारच! त्यांच्या नाकाचे हाड तीनदा मोडले होते, चार दात खोटे होते आणि डाव्या खांद्यात लोखंडी पट्टी होती.

घरात एकशे चौऱ्याऐंशी सिनेमांच्या डिस्का होत्या. प्रत्येक डबीवर मालकांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, अक्षरात एक चिठ्ठी असे. त्यावर सिनेमाचे नाव नसे, दुखापत असे. 'काच, कपाळ, सात टाके.' 'जिना, दोन बरगड्या.' 'घोडा, काही नाही, देवाची कृपा.' गल्लीतली मुले येऊन ओरडत, "काका, काच लावा! काका, घोडा लावा!" मी तो प्रसंग लावी. पडद्यावर रक्त उडे, हाडे कडकड वाजत, आणि मालक खुर्चीत बसून सांगत, "हा बघा, इथं माझा दात गेला. नट तेव्हा चहा पीत होता." माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

याच घरात छोटी वाढली. ती मालकांची मुलगी नव्हे, त्यांच्या धंद्यातल्या जोडीदाराची. दोघे मिळून उड्या मारत, मिळून पडत. छोटी तीन वर्षांची असताना आगीचा एक प्रसंग घेत होते. जोडीदार जळत्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि जागीच गेला. तिची आई आधीच वारली होती. मालकांनी पोरीला कडेवर घेतले ते थेट घरी आणले. आता ती चाळिशीला आली होती, इस्पितळात मोडक्या हातापायांना प्लॅस्टर घालत होती, तरी घरात छोटीच होती. मालकांना ती 'काका' म्हणे आणि 'अरे-तुरे' करी, इतकी माया.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटके. छोटीने दूध सांडले, जिन्यावर धावली, बोलताना अडखळली की मालक म्हणत, "बापासारखी घाई करू नकोस." कारण तिचा बाप घाईने मेला, असे सगळे मानत. इशारा होण्याआधीच त्याने उडी मारली, म्हणून दोर कुणाला सावरता आला नाही. तिने हे लहानपणापासून ऐकले होते. त्यामुळे तिची चालही सावकाश झाली होती. रस्ता ओलांडताना ती तीनदा इकडे-तिकडे बघे.

त्या सिनेमाच्या डबीवर चिठ्ठी नव्हती. घरात कुणी नसले की छोटी ती डिस्क मला देई. ज्वाळांनी वेढलेला माणूस मिनिटभर दिसे, मग खाली कोसळे. तिच्याकडे बापाचे तेवढेच हलते चित्र होते. ती ते पाही, बंद करी आणि कामाला लागे.

मित्रांनो, इथे तुम्हाला माझ्या धंद्यातली एक खोट सांगायला हवी. सिनेमाचे चित्र लांबट असते आणि आमच्या काळातले टीव्ही होते चौकोनी. मग बऱ्याच डिस्का तयार करताना चित्राच्या दोन्ही कडा कापून टाकत आणि मधला भागच ठेवत. मी बिचारा डिस्कवर असेल तेवढेच दाखवणार. कापलेल्या भागात काय होते ते मला कुठून कळावे?

पुढे घरात मोठा लांबट टीव्ही आला. त्यावर माझे चित्र धुरकट दिसू लागले आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. छोटी म्हणाली, "काका, आता या डिस्का बदलू या. नव्या ब्लू-रे निघाल्यात. तुझी एकेक जखम मोजता येईल."

"मला मोजायची नाही," मालक म्हणाले. "जुनं आहे ते चाललंय ना? मग झालं."

काकूंना वाटले, म्हातारपणाचा हट्ट आहे. पण छोटीने डिस्काच्या दुकानदाराला घरी बोलावले. तो गोरा, गुबगुबीत, बोलका माणूस होता. त्याने कपाट पाहिले, चिठ्ठ्या वाचून हसला आणि नव्यात काय काय मिळेल याची यादी करू लागला. मग चिठ्ठी नसलेली डबी त्याच्या हाती लागली.

"अरे वा! ही तर नवी आलीच आहे," तो म्हणाला. "आणि पूर्ण चित्र बरं का, कडा न कापता. डावीउजवीकडचं सगळं दिसतं."

तेवढ्यात मालक उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पण त्यांनी दुकानदाराची कॉलर धरली आणि त्याला कपाटावर आपटले. डब्या धडाधड कोसळल्या. त्यांनी दुसऱ्यांदा आपटले. दुकानदाराचा ओठ फुटला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त ओघळले. "ती डिस्क या घरात आली तर हात मोडीन!" मालक ओरडत होते. छोटीने मध्ये पडून त्यांची बोटे एकेक करून सोडवली. दुकानदार जो पळाला तो चपलाही विसरून गेला.

पडद्यावर हजार मारामाऱ्या मी दाखवल्या होत्या, पण खोलीत झालेली ही पहिलीच. पडद्यावरच्या रक्ताला वास नसतो.

चपला परत करायला छोटी दुकानात गेली, दुकानदाराची माफी मागितली आणि तीच डिस्क घेऊन आली. सोबत एक नवा प्लेअरही आणला.

रविवारची दुपार होती. मालक आतल्या खोलीत झोपले होते. काकू वाटाणे सोलत बसल्या होत्या. छोटीने नवा प्लेअर माझ्या डोक्यावर ठेवला, वायरी जोडल्या आणि डिस्क घातली. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण चित्र उमटले आणि मी माझे दुःख विसरलो. इतकी स्वच्छ आग मी कधी पाहिली नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जोडीदार उभा होता. त्याच्या कमरेला बांधलेला दोर वर एका कप्पीतून जाऊन उजवीकडे खाली उतरत होता. तो थांबला, त्याने खाली पाहिले, इशाऱ्याची वाट पाहिली. खाली डाव्या कडेला, जुन्या डिस्कवर कापल्या गेलेल्या भागात, एक लाल फडके हलले. मग त्याने उडी मारली.

"थांबला होता," छोटी पुटपुटली. "काकू, बाबा थांबला होता."

तिने चित्र मागे नेऊन पुन्हा लावले आणि मध्येच गोठवले. उजव्या कडेला, धुराच्या फटीत, दोर धरलेला एक माणूस उभा होता. त्याच्या उजव्या बाहीला तळहाताएवढी ज्वाळा लागली होती. पुढच्या क्षणी त्याने दोर सोडला आणि दोन्ही हातांनी बाही झटकू लागला.

काकूंच्या मांडीवरचे वाटाणे जमिनीवर सांडले. "तो चौकटीचा सदरा मी शिवला होता," त्या म्हणाल्या. "बाही जळून आली होती. मला म्हणाले, शेगडीची झळ लागली. मी नवी बाही लावून दिली गं. मीच लावून दिली."

आगीचा आवाज ऐकून मालक दारात आले होते. गोठलेले चित्र त्यांनी पाहिले आणि हातातली चालायची काठी उगारली. पहिला फटका नव्या प्लेअरवर बसला. तो घसरून वायरीला लोंबकळू लागला. दुसरा माझ्यावर. माझे झाकण आत गेले आणि लेझरचा डोळा फुटला. तिसरा फटका छोटीने हातावर घेतला, काठी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडून टाकली.

"बसा," ती म्हणाली.

तुम्ही लक्ष दिलेत का, मित्रांनो? 'बस' नाही, 'बसा'. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांना तो शब्द काठीपेक्षा जोरात लागला. ते मटकन खाली बसले.

"बाही पेटली," ते म्हणाले. "एवढीशी. मी झटकायला गेलो. दोर हातात आहे हे विसरलो. एक क्षण फक्त. वर बघितलं तेव्हा तो खाली आला होता."

"आणि घाई?"

"फाइट मास्तरनं विचारलं, काय झालं. माझ्या तोंडून निघून गेलं, त्यानं घाई केली. धुरात कुणाला, फडकं हलवणाऱ्यालासुद्धा, काही दिसलं नव्हतं. पुन्हा तो शॉट घेणार कसा? तोच त्यांनी सिनेमात ठेवला. पहिल्या दिवशी मी एकटा थिएटरात जाऊन बसलो. कडेला मी दिसत होतो. पण लोक आग बघत होते, मला कोण बघतंय! मग या कापलेल्या डिस्का आल्या आणि मी सुटलो."

"तुम्ही मला रोज सांगत होतात. बापासारखी घाई करू नकोस. मी शाळेत धावायच्या शर्यतीत कधी उतरले नाही!"

तिने हाताला लागेल ते उचलले. हाताला मी लागलो. वायर ताडकन तुटली आणि मी हवेतून गेलो, मालकांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलो. छोटी मोडलेली काठी पायाने उडवून निघून गेली. तिच्या मनगटावर काठीचा वळ सुजून आला होता.

अकरा आठवडे ती फिरकली नाही. काकूंनी मालकांशी बोलणे सोडले. ताट त्यांच्यापुढे असे आदळत की वाटीतले कालवण टेबलावर उडे. मग एक दिवस छोटीचा फोन आला. काकूंनी निरोप सांगितला, "ज्यांच्यापुढं खोटं बोललात त्यांच्यापुढंच खरं बोला. मग बघू, म्हणते."

मालकांचे सिनेमातले जुने सोबती वर्षातून एकदा आमच्याकडे दुपारी जमत. त्या वर्षी सातजण आले. सातजणांत मिळून तेरा डोळे होते, कारण एकाचा डोळा काचेच्या तुकड्याने गेला होता. त्याला सगळे एकडोळ्या म्हणत. तो नव्या मुलांना उड्या मारायला शिकवत असे. छोटीही आली, पण दाराशीच उभी राहिली.

मालकांनी स्वतःच्या हाताने नवी डिस्क लावली. चित्र गोठवले. पडद्याजवळ जाऊन उजव्या कडेवर बोट ठेवले. "हा मी आहे. दोर माझ्या हातात होता. त्यानं घाई केली नव्हती. मी सोडला."

एकडोळ्या उठला. "सदतीस वर्षं," तो म्हणाला, "सदतीस वर्षं मी पोरांना सांगतोय, घाई कराल तर त्याच्यासारखे मराल. मेलेल्या दोस्ताचं नाव मी रोज मातीत घालत होतो रे!" आणि त्याने हात उचलला.

मित्रांनो, सिनेमातला ठोसा गालापासून चार बोटांवरून जातो. मार खाणाऱ्याने क्षणभर आधी मान मागे टाकायची असते. मालकांची मान हे काम झोपेतही करी. त्या दिवशी ती हलली नाही. ठोसा पूर्ण बसला. दुसराही बसला. तिसऱ्याला ते पडले, आणि पडताना त्यांचा अजिबात आवाज झाला नाही. तोंडातून दोन दात बाहेर आले. एक खोटा होता, एक खरा.

"पुरे," छोटी म्हणाली.

ती त्यांच्याजवळ बसली. त्यांचा जबडा तिने दोन्ही हातांत धरला. "तोंड उघड," ती म्हणाली. "मोठं उघड. टाके पडतील." मालक रडू लागले तशी ती म्हणाली, "रडू नकोस, रक्त जास्त येतं. आणि मी माफ केलेलं नाही. चल, इस्पितळात जाऊ."

ती त्यांना घेऊन गेली. एकडोळ्या सुजलेली मूठ थंड पाण्यात बुडवून बसून राहिला. पुढच्या सोमवारी त्याने शिकाऊ मुलांना ओळीत उभे केले आणि सगळी हकीकत सांगितली, असे काकूंनी नंतर शेजारणीला सांगितले.

आता डिस्का बदलायच्या की नाही, हा वाद उरलेला नाही. छोटीने कपाटातून नऊच सिनेमे काढले, ज्यांत तिचा बाप आहे. ते नव्याने आणले. बाकीचे जुनेच राहिले. काकूंनी त्या चिठ्ठी नसलेल्या डबीवर चिठ्ठी लावली. तिच्यावर जोडीदाराचे नाव आहे, आणि खाली 'थांबला होता' असे दोन शब्द.

मी आता काही दाखवू शकत नाही. कपाटाच्या तळाशी पडून असतो. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरी जुन्या डिस्का असतील तर नव्या घ्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. पण टाकण्याआधी त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून एकदा लावा. मधली आग सगळेच बघतात. तुम्ही त्याला विचारा, कडेला कोण उभे होते. तो चिडेल, कदाचित हातही उगारेल. तरी विचारा.