पारोशी गाडी

साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे भरलेली गाडी चढवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. गुंडा ते अठरा वर्षं करत होता. लालासाहेबांच्या पार्सल ऑफिसातली डिझेलची तीनचाकी त्याच्याकडे होती. ती चढाला लागली की असा काळा धूर सोडायची, की दुकानदार नाकाला रुमाल लावून आत पळायचे. त्यांना धूर घडीभर लागायचा, गुंडाला मात्र दिवसभर.

शेवटी छातीनं हिसका दाखवला. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "धूर सोडा."

"मी विडीबी पीत न्हाई, डॉक्टर."

"मग गाडी सोडा."

सांगणाऱ्याचं काय जातं? गाडी सोडून गुंडानं करायचं काय? गावाकडची जमीन थोरल्या भावाच्या संसाराला पुरत नव्हती आणि स्टेअरिंगशिवाय दुसरं काही त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. तो तसाच धूर गिळत राहिला. सत्याण्णवच्या आषाढात मात्र सांगलीहून चिंतामणराव आले, ट्रकात एक अजब गाडी घालून.

चिंतामणरावांनी आपल्या शेडमध्ये सहा वर्षं खपून बॅटरीवर चालणारी तीनचाकी बनवली होती. सांगलीत लोक त्यांना तोंडावर इंजिनियर आणि माघारी येडा म्हणायचे. ती गाडी त्यांनी लालासाहेबांना वापरून बघायला दिली. बोली अशी ठरली की दसऱ्यापर्यंत चालवायची, तक्रार नसेल तर ठेवून घ्यायची, नाहीतर सांगलीला परत. लालासाहेबांना स्वच्छ हवेचा काही पुळका नव्हता, पण फुकट वापरायला मिळालेली गाडी कोण नाकारतो? त्यांनी ती गुंडाच्या हवाली केली.

पहिले आठ दिवस गुंडाला ती गाडी खेळण्यातली वाटली. मग एकदा भरल्या मालानिशी ती राजवाड्याचा चढ चढली. हळू चढली, पण चढली. ना धूर, ना फटफट. दारात पार्सल उतरलं तरी दुकानदार विचारायचे, "कवा आलास रं? कळलंच न्हाई." महिनाभरात गुंडाची छाती मोकळी झाली. बायको राहीबाई म्हणाली, "आता कुठं माणसासारखं झोपताय." गुंडा मनातल्या मनात दसऱ्याचे दिवस मोजू लागला. ही गाडी राहिली तर तो राहणार होता, एवढं सरळ होतं ते.

चिंतामणरावांनी जाताना एकच गोष्ट बजावली होती. "सीटखालच्या पेटीत गाडीचा सगळा जीव आहे. वरून पावसाला आडोसा केलाय, पण पाइपनं पाणी मारू नका. ओल्या फडक्यानं पुसायची, बस."

गुंडानं तीन महिने ती नुसती पुसली. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा. पार्सल ऑफिसच्या अंगणात सकाळपासून पाइप सुरू होता, टेंपो घासूनपुसून चकचकीत होत होते. गुंडा एका कोपऱ्यात फडक्यानं आपली गाडी पुसत होता. लालासाहेब नारळ घेऊन आले आणि तिथं थबकले.

"हिला आंघोळ न्हाई घातलीस?"

"पुसून घेतलीया, मालक."

"नुसतं अंग पुसून देवाला बसतोस व्हय रं तू? पारोशी गाडी पुजायची न्हाई माझ्या दारात."

सगळे हसले. गुंडा बोलायला गेला, पण सणाच्या दिवशी, नारळ हातात धरून उभ्या असलेल्या मालकाशी वाद कोण घालणार? आणि खरं सांगायचं तर त्यालाही आतून टोचतच होतं. जिनं आपल्याला श्वास दिला, तिलाच बिनआंघोळीची पुजायची? त्यानं पाइप ओढून घेतला. बैल धुवावा तशी गाडी धुतली, खालून, वरून, सीट उचलून. मग निथळत्या पेटीवर कुंकवाची पाच बोटं ओढली आणि झेंडूचा हार घातला.

दसऱ्याला सकाळी चिंतामणराव पहिल्या एसटीनं आले. लालासाहेबांनी मुहूर्तावर निकाल सांगायचा होता. गुंडानं चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. गाडी ढिम्म.

चिंतामणरावांनी सीट उचलली, पेटी उघडली. आत पाणी होतं, कुंकवानं लाल झालेलं. त्यांनी एकवार गुंडाकडे पाहिलं, पेटी मिटली आणि लालासाहेबांना म्हणाले, "दोष माझाच आहे. पेटी नीट बनली नाही. मी गाडी परत नेतो."

गुंडा गप्प बसला तर नोकरी शाबूत होती. डिझेलची गाडी होती, तिचा धूर होता. बोलला तर ऐन सणात दुसऱ्याची गाडी बुडवणारा म्हणून दारातून हाकलला जाणार होता. पण एका माणसाची सहा वर्षं आपल्यापायी ट्रकात चढणार, हे त्याला बघवेना.

"त्येंचा दोष न्हाई, मालक," तो म्हणाला. "गाडी झ्याक हाय. नको म्हणून सांगितलं हुतं, तरी पाइप मी मारला."

"का मारलास?" लालासाहेबांनी विचारलं.

अंगणात काल हसलेले सगळे उभे होते. गुंडानं त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"माझी अक्कल," तो म्हणाला.

लालासाहेबांनी एकवार कोपऱ्यातल्या पाइपकडे पाहिलं. मग घसा खाकरून चिंतामणरावांना म्हणाले, "दुरुस्तीला किती दिस?"

"आठ."

"करून आणा. गाडी ठेवली मी. तवर डिझेलची गाडी काढायची न्हाई, पार्सलं हातगाडीवरनं जातील. गुंडा न्हेईल, हीच त्येची शिक्षा."

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी गुंडा हातगाडी घेऊन निघाला. कापडाचे गठ्ठे होते, वजन लय होतं. चढाच्या मध्यावर पाय घसरू लागले आणि हातगाडी मागं सरकू लागली. एवढ्यात ती अचानक हलकी झाली. मागून कुणीतरी रेटत होतं. गुंडानं वळून पाहिलं, तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, घामानं निथळत, लालासाहेब गठ्ठ्यांना खांदा लावून उभे होते.

"मालक, तुमी कशाला..."

"म्होरं बघ," लालासाहेब म्हणाले. "मीच घालायला लावली तिला आंघोळ."