निवृत्तीच्या गळ्यातला दात

पिंपळगाव राजा या गावचा निवृत्ती मेहुण्याच्या वरातीत उघड्या छातीने नाचला आणि तो व्हिडिओ वनखात्यापर्यंत पोहोचला. त्याच्या गळ्यात चांदीत मढवलेला वाघाचा दात होता. तो बाळगण्याची शिक्षा किमान तीन वर्षे कैद. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ‘ही वस्तू दगडासारखी वाटते’ असे कळवले, म्हणून वनाधिकारी शरयू मॅडम आरोपीला घेऊन माझ्या भूशास्त्र विभागात आल्या.

“दात कोणाचा?” त्यांनी विचारले.

“वाघाचा,” आरोपीनेच छाती पुढे काढून सांगितले. “माह्या पणज्यानं कुऱ्हाडीनं मारला.”

“गप बस ना रे!” सोबत आलेल्या त्याच्या आई जनकाबाई म्हणाल्या. “जेलात जाऊन पणज्याचं नाव काढतं का?”

मी चांदीचे टोपण कापून काढले. वाघाचा सुळा गोल, निमुळता, आतून पोकळ असतो. हा दात चपटा, आकड्यासारखा वळलेला होता. दोन्ही कडांना करवतीसारखे दाते आणि टोपणाखाली दुभंगलेले, जड, राखाडी मूळ. मी सांगितले: शार्क माशाचा दात, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचा. आपला भाग थिजलेल्या लाव्ह्यावर वसलेला. असे दात मिळतात ते कच्छच्या सागरी खडकांत. विचारल्यावर कळले, पणजोबा खामगावच्या बाजारात कच्छी व्यापाऱ्यांना कापूस विकत. शिकार बहुधा तिथेच झाली असावी.

“मासा?” निवृत्तीचा चेहरा पडला. “साहेब, आमच्या घरात मासा शिजत बी नाही. वाघच लिवा. होऊन जाऊ द्या कैद.”

“मासा आहे, म्हणूनच तुम्ही सुटता,” मी म्हणालो.

जनकाबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग लेकाला कोपराने ढोसले. “हाव, साहेब. मासाच हाय. कर बे जबाबावर सही.”

प्रकरण त्याच दिवशी मिटले.

आठवड्याने जनकाबाई पायलीभर तुरीची डाळ घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडल्या. “माह्या लेकरासाठी तुमी येवढं मोठं खोटं लिवलं. सख्खा भाऊ लिवत नाही.”

मी शार्कच्या जबड्याची आकृती काढून सगळे पुन्हा समजावले.

“हाव, हाव,” त्या समजूतदारपणे म्हणाल्या. “मी कोणालेच सांगत नाही. फक्त आमच्या जानरावभाऊजीले सांगितलं.”

दाराशी उभ्या जानरावांनी रुमाल सोडला. आत एक नख होते: बाकदार, धारदार, बुडाशी हाड. बिबट्याचे, आणि फार जुनेही नव्हे.

“याले बी मासाच करून टाका, साहेब.”

“माशाला नखे नसतात,” मी म्हणालो.

जानराव जनकाबाईंकडे वळले आणि हळूच म्हणाले, “वहिनी, एका पायलीत नाही भागत वाटते.”